भालदाराचं राहिलेलं वाक्य

दांडिया बाजार, बडोदे
९ नोव्हेंबर २०२५

संजू,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू बायकोला म्हणशील, "ताईला अक्कल आली वाटतं." आली नाही. मी माफी मागायला लिहीत नाहीये, हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत वाट बघत वाचायला नको. फोन केला असता, पण तो लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर तुझ्या नावापुढे फोटोही नाही, नुसता राखाडी गोळा. शेजारच्या दामोदरला दाखवलं, तर तो म्हणाला, "नीराताई, ब्लॉक करून टाकलंय तुम्हाला, बीजू शुं, दुसरं काय!" पोस्टात अजून ती सोय झालेली नाही, म्हणून पत्र.

कारण आहे बाबांची स्पर्धा. परवा मंडळाची बैठक झाली. दिनकररावांचे गुडघे गेले, कान गेले, अध्यक्षपद मात्र जागच्या जागी आहे. ते म्हणाले, "यंदाची किशोर रंगस्पर्धा होऊ दे. पण पन्नाशीच्या आतलं कुणी ती अंगावर घेणार नसेल, तर मी स्टेजवरून पुढच्या वर्षीची तारीख सांगणार नाही." याचा अर्थ तुला वेगळा सांगायला नको. बक्षिसं वाटून झाली की अध्यक्ष पुढच्या वर्षीची तारीख सांगतात आणि मग पडदा पडतो, ही बाबांनी लावलेली रीत. तारीख नाही म्हणजे स्पर्धा संपली.

मी एकसष्ट वर्षांची आहे. मंडळात माझ्याहून लहान असा एकच सभासद आहे आणि तो वर्गणी भरण्यापुरता येतो. तू मात्र अजून पन्नाशीच्या आत आहेस, निदान मार्चपर्यंत. नाशिकला बसून पोरांचे अर्ज बघता येतील, वर्षातून दोनदा इकडे यायचं. बाकीची धावपळ मी करीन. हात पाय चालताहेत तोवर करीन.

आता तू म्हणशील, आधी घंटेचं बोल. बोलते. जानेवारी दोन हजार वीस. तुझी मालविका चौदा वर्षांची. तू तिला एकपात्री लिहून दिलंस: चाळीस नाटकांत भाला घेऊन दाराशी उभा राहिलेला, एकही वाक्य वाट्याला न आलेला भालदार, आणि अखेर एका रात्री त्याला एक वाक्य मिळतं. पोरगी भाला टेकवत पुढे आली, श्वास घेतला, आणि माझ्या हातातली घंटा वाजली. सात मिनिटं झाली होती. पहिली घंटा इशाऱ्याची, दुसरी झाली की जिथे असाल तिथे थांबायचं, नमस्कार करायचा, आणि बक्षिसातून बाद, हा नियम. तिने नमस्कार केला आणि गेली. तू विंगेत येऊन म्हणालास, "लोकांनी मधे टाळ्या वाजवल्या, तो वेळ तिचा नव्हता. एक वाक्य राहिलं होतं, ताई. तुझ्या सख्ख्या भाचीचं." सख्खी भाची होती म्हणूनच थांबता येत नव्हतं. दुसऱ्याच्या मुलीला घंटा आणि आपल्या घरच्या मुलीला श्वासभर सवलत, असं मी केलं असतं तर त्या खुर्चीवर बसायची माझी लायकी नव्हती. मी आजही वाजवीन.

पुढे तुझी बदली झाली, मग ते कोविड, आणि सहा वर्षं गेली. वाक्य काय होतं ते मला कळलंच नाही. विचारणारही नाही.

उत्तर पाठव. नसेल पाठवायचं तर निदान फोटो तरी दिसू दे.

ताई


दांडिया बाजार
३० नोव्हेंबर

संजू,

उत्तर नाही. ठीक आहे, तुझा हा स्वभाव आईचा. ती रागावली की भाजीत मीठ घालायची नाही आणि विचारलं की म्हणायची, "मी कुठे रागावलेय?"

इकडे अर्ज मागवायला सुरुवात झाली आणि माझं डोकं फिरायची वेळ आली. पूर्वी शाळेत जाऊन सांगितलं की बाई मुलांची रांग लावून द्यायच्या. आता शाळेतल्या बाई विचारतात, "प्रमाणपत्रावर राष्ट्रीय असं लिहाल का?" एका आईने फोन करून विचारलं की नाच मोबाइलवर शूट करून पाठवला तर चालेल का. मी म्हटलं, "टाळ्याही तुम्हाला मोबाइलवर पाठवू का?" तिने फोन ठेवला. एक स्पर्धक कमी झाला. जीभ आवरायला हवी, हे मलाही कळतं.

तारखेचा वेगळाच घोळ. डिसेंबरात लग्नं, चौदा जानेवारीला उत्तरायण, आणि त्याच्या आधीचा रविवार म्हणजे पोरं गच्चीवर दोऱ्याला मांजा लावत बसलेली. शेवटी चार जानेवारी धरली. हॉलवाला म्हणाला, सकाळी आहे, संध्याकाळी गरब्याच्या क्लासचं गॅदरिंग आहे, पाचच्या ठोक्याला खाली करा.

एक चांगली गोष्ट झाली. मदतीला एक मुलगी येते. इथल्याच विद्यापीठात नाट्याचं शिकते, हॉस्टेलवर राहते, दर रविवारी येते. कॉम्प्युटरवर काय काय करते, मुलांशी त्यांच्या भाषेत बोलते, आणि माझ्याकडून फोन काढून घेऊन आयांशी स्वतःच बोलते, त्यामुळे आता स्पर्धक कमी होत नाहीत. इथे मी तिचं नाव लिहून खोडलंय. उजेडाला धरून वाचायचा प्रयत्न करू नकोस.

तिच्यामुळेच वाडीतला रणवीर आला. तेरा वर्षांचा, घरात पिढ्यान्‌पिढ्या फौजेतली माणसं, आणि हा मात्र दिवसभर सगळ्यांच्या नकला करत फिरतो. त्याचं एकपात्री म्हणजे एक रिक्षावाला पुण्याच्या पाहुण्याला स्टेशनवरून आपल्या बाजारात आणतो. अर्धं मराठी, अर्धं गुजराती. दिनकरराव म्हणाले, "नियमात भाषा मराठी आहे." मी काही बोलायच्या आत ती मुलगी म्हणाली, "आजोबा, तुम्ही आत्ता चहावाल्याशी बोललात ती कुठली होती?" दिनकरराव हसले. दिनकरराव हसले, संजू! रणवीरचा अर्ज घेतला.

तालमीत मी त्याला ऐकलं. घड्याळ लावून बसलो तर सात मिनिटांच्या आत छान बसतं. मला तेव्हाच तू आठवलास. तूही मालविकाला घरात, चार भिंतींत, घड्याळ लावून बसवलं होतंस. घरात कुणी हसत नाही आणि टाळ्या वाजवत नाही. मी तेव्हाही म्हटलं होतं की चार ओळी काप. तुझ्या हाताने तुझी ओळ कापली जात नाही, हे तुझं दुखणं जुनंच आहे.

नाशिकला थंडी पडली असेल. मफलर वापर.

ताई


दांडिया बाजार
२१ डिसेंबर

संजू,

हे पत्र बसून वाच.

खोडलेलं नाव मालविकाचं होतं.

तिने मला शपथ घातली होती की बाबाला सांगायचं नाही. ती मी आज मोडते आहे. तिला तसं सांगूनच लिहितेय, तिने तोंड फुगवलं आहे आणि स्वयंपाकघरात भांडी आपटते आहे. तूही तुझ्याकडे आपट.

जूनमध्ये तिचं इथलं कॉलेज सुरू झालं तेव्हा पहिल्याच रविवारी ती दारात उभी. चपला न काढताच म्हणाली, "आत्या, मी रागावलेली नाही. बाबा रागावलाय. मला भूक लागलीय." मी तिला भाकरी आणि वांग्याचं भरीत दिलं, आणि आत जाऊन डोळे पुसून आले. लपवत नाही तुझ्यापासून. सहा वर्षांत या घरात माझ्याबरोबर माझ्या माणसांपैकी कुणी जेवायला बसलं नव्हतं.

इतके दिवस लपवलं कारण मला भीती वाटत होती. तुला कळलं आणि तू तिला इकडे यायला बंदी केलीस तर? ती वीस वर्षांची आहे, तुझं ऐकेलच असं नाही, पण तुझं आणि तिचं वाकडं माझ्यामुळे झालेलं मला चालणार नाही. एकदा झालं तेवढं पुरे.

आता सांगायची वेळ आली ती अशी. यंदा घंटा कोण वाजवणार यावर मंडळात चर्चा झाली. माझा उजवा खांदा धरलाय, शिवाय आयांशी माझं जमत नाही. मालविका म्हणाली, "मी वाजवते." सगळ्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. दांडिया बाजारात ती गोष्ट माहीत नाही असं कोण आहे? दिनकरराव तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बघू. चार तारखेला बघू." मला त्यातून इतकंच कळलं की म्हातारा तिला जोखतोय. ती वीस वर्षांची आहे, संजू. पन्नाशीच्या आतलीच की.

पण आमचं भांडणही झालंय. ती म्हणते, घंटा वाजली की बाद हे ठीक, पण त्या मुलाचं राहिलेलं त्याच्या पोटात अडकून राहतं, त्याचं काय? तिचा बेत असा. परीक्षकांचे गुण बंद पाकिटात गेले की बेरजा होईपर्यंत अर्धा तास रिकामा जातो. लोक चहाला बाहेर जातात आणि निम्मे परत येत नाहीत. त्या वेळात, घंटेने ज्यांना थांबवलं त्यांनी स्टेजवर यावं आणि आपलं राहिलेलं पुरं करावं. गुण नाहीत, बक्षीस नाही. फक्त पुरं करायचं.

मी नाही म्हटलं. एकदा थांबवलं म्हणजे थांबवलं. उद्या सगळेच म्हणतील, घंटेनंतर आहेच की. ती म्हणाली, "आत्या, तुला घंटा आवडते की मुलं?" मी म्हटलं, "तोंड सांभाळ." ती हसली. हसते अगदी तुझ्यासारखी, डावी भुवई वर करून.

चार जानेवारी, रविवार, सकाळी दहा. तुला यायला सांगत नाही. सांगितलं असं समजू नकोस.

ताई


दांडिया बाजार
५ जानेवारी २०२६

संजू,

आला नाहीस. पहिल्या रांगेतली एक खुर्ची मी पर्स ठेवून अडवली होती. ती खुर्ची शेवटी हॉलवाल्याने उचलून नेली.

सगळं लिहिते, कारण मी नाही लिहिलं तर दामोदर फोन करून सांगेल आणि निम्मं चुकीचं सांगेल.

सकाळी नऊला कळलं की एक परीक्षक बाई अहमदाबादच्या रस्त्यात अडकल्या आहेत. साडेनऊला साउंडवाल्याच्या लक्षात आलं की नाचाची गाणी ज्या पेनड्राइव्हमध्ये आहेत तो त्याच्या भावाच्या खिशात आहे, आणि भाऊ वाघोडियाला. मुली मेकअप करून बसलेल्या, त्यातल्या एकीने रडून काजळ गालावर आणलेलं. मी ओरडायच्या बेतात होते. मालविकाने नाचाचा गट मागे टाकला, एकपात्री पुढे आणलं, आणि स्वतः खाली बसून त्या मुलीचं काजळ पुसलं. पडदा वेळेवर वर गेला. बाबांच्या वेळीही कधी गेला नव्हता!

घंटा टेबलावर. बाबांची तीच पितळी, लाकडी मुठीची. मालविका शेजारी ताठ बसलेली. मी मागे विंगेत.

रणवीर आला आणि पहिल्या वाक्यालाच हॉल हसला. रिक्षावाला पाहुण्याला म्हणतो, "बसा साहेब, मीटर छे, पण ते आपलं मन राखायला छे." लोक हसत राहिले, पोरगा थांबत राहिला. त्याला थांबायला कुणी शिकवलं नव्हतं. हशा संपेपर्यंत वाट बघायची, हे त्याचं त्यालाच कळत होतं. मला ते फार आवडलं, आणि त्याच वेळी मी घड्याळाकडे बघत होते, कारण ते थांबत नव्हतं. पहिली घंटा झाली. तो घाई करू लागला, पण लोकांनी आणखी हसून त्याची घाईही खाऊन टाकली.

आणि मग, संजू, मी तुला खरं सांगते. दुसऱ्या घंटेची वेळ आली तेव्हा रणवीरची रिक्षा आपल्या गल्लीच्या तोंडाशी आली होती. शेवटचंच काहीतरी राहिलं होतं. मी मालविकाच्या हाताकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, थांब ना बाई थोडी, एवढं होऊ दे त्याचं. मी म्हणत होते हे! तू सहा वर्षांपूर्वी विंगेत उभा राहून जे म्हणत होतास तेच.

तिने वाजवली. बरोबर वेळेला.

रणवीर थांबला, नमस्कार केला, आत आला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याची आई संयोगिता, गोत्रीला ऑफिस आहे तिचं, उभी राहून म्हणाली, "अहो बेन, लोक हसले, त्यात माझ्या मुलाचा शुं वांक?" मागून आणखी चारपाच जणी उठल्या. कुणीतरी म्हणालं, "म्हणूनच कोणी येत नाही यांच्याकडे." दिनकरराव मान खाली घालून बसले होते. मला वाटलं, झालं. आता तारीख येत नाही.

मालविका उठली, माइकपाशी गेली आणि म्हणाली, "काकी, त्याचा काहीच वांक नाही, काहीच दोष नाही. नियम सगळ्यांना एक आहे, म्हणून तो बाद आहे. पण त्याची रिक्षा अजून पोहोचलेली नाही. शेवटी गुणांच्या बेरजा होत असताना तो ती पोहोचवेल. तुम्ही चहाला जाऊ नका म्हणजे झालं."

मला न विचारता. मी नाही म्हटलेलं असताना. मी विंगेतून डोळे वटारले. तिने डावी भुवई वर केली.

पेनड्राइव्ह आला, नाच झाले, गाणी झाली. परीक्षकांची पाकिटं बंद झाली. दरवर्षी या वेळी हॉल रिकामा होतो. काल एकही माणूस उठला नाही. चहावाला बाहेर किटली घेऊन वाट बघत राहिला, मग तोही आत येऊन दाराशी उभा राहिला.

रणवीरने रिक्षा गल्लीत आणली. पाहुणा भाडं विचारतो तेव्हा रिक्षावाला म्हणतो, "साहेब, घरी आला आहात, भाडं कसलं? पण हा प्रश्न रोज विचारू नका." टाळ्या संपेनात. त्याची आई रडत होती आणि शूटिंगही करत होती. घंटेने थांबवलेली आणखी एक मुलगी होती, तिने गाण्याचं शेवटचं कडवं म्हटलं. दिनकररावांनी बंद पाकिटं मांडीवर घट्ट धरून ठेवली होती, गुण कुठे बदलतील की काय म्हणून.

तेवढं झाल्यावर ते काठी टेकत उठले. आपल्या त्या खणखणीत आवाजात म्हणाले, "अजून एक राहिलंय. मालविका, तुझं."

ती नको म्हणत होती. मी विंगेतून बाहेर आले. स्टेजच्या कोपऱ्यात पडदा अडकवायचा बांबू होता, तो उचलला आणि तिच्या हातात दिला. तिने बांबू घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि दाराशी उभ्या असलेल्या माणसासारखी उभी राहिली. वीस वर्षांची पोरगी बघता बघता म्हातारी झाली. भाला टेकवत पुढे आली. श्वास घेतला. सगळा हॉल तिच्याबरोबर थांबला.

"महाराज," ती म्हणाली, "दाराशी कुणी आलं आहे. आत घेऊ?"

एवढंच. चाळीस नाटकं उभं राहून भालदाराला मिळालेलं वाक्य हे. आणि बडोद्याची माणसं ती, त्यांना कुठे राहवतंय! मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "आववा दे! येऊ दे की!" मग दुसरं, मग सगळा हॉल, "आववा दे, आववा दे!" मालविका हसत होती, रडत होती. मी पडद्याच्या दोरीला धरून उभी होते.

तू हे वाक्य लिहिलं होतंस, संजू. मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी मी घंटा वाजवलीच असती, ते मी मागे घेत नाही. पण घंटेनंतर मी स्वतः म्हणायला हवं होतं की आता सांग बाई, काय होतं ते. आपल्या दोघांना ते सुचलं नाही. तू रागावून गेलास, मी नियम धरून बसले. तिला सुचलं.

बक्षिसं झाली. मग दिनकरराव माइककडे गेले, थांबले, आणि म्हणाले, "पुढच्या वर्षीची तारीख मी सांगत नाही." त्यांनी माइक मालविकाच्या हातात दिला. "ही सांगेल. आता हिचं काम."

तिने सांगितली. तीन जानेवारी, रविवार. मग पडदा पडला. गरब्याच्या क्लासवाले दाराशी खोळंबले होते, त्यांनीही टाळ्या वाजवल्या, कशासाठी ते त्यांना ठाऊक नाही.

मला तुझी फार आठवण येते. हे लिहायला पहिल्या पत्रापासून टाळत होते.

ताई

ता. क., ६ तारीख. पाकीट बंद करून ठेवलं होतं, पुन्हा फोडलं. मालविकाने भालदाराचं शूटिंग तुला पाठवलं म्हणे, संयोगिताच्या फोनवरचं. आज सकाळी मी तारखेचा निरोप मंडळाच्या लोकांना पाठवत होते, तर तुझ्या नावापुढे राखाडी गोळ्याच्या जागी फोटो. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. केस पांढरे झाले रे तुझे. मिशी ठेवलीस ती शोभत नाही. खाली हिरव्या अक्षरांत दिसत होतं की तू काहीतरी टाइप करतो आहेस. बराच वेळ करत होतास. मग थांबलास. मग पुन्हा.

टाइप करत बसू नकोस. दार उघडं आहे, आणि विचारायला इथे भालदार नाही. आववा दे, संजू. ये.